पाणथरीला डाग दिला नाही

सळई लाल झाली होती. माझ्या चार वर्षांच्या मुलीला सासूने पडवीत आडवी धरून ठेवली होती आणि डाग देणारा म्हातारा तिच्या पोटावर राखेने जागा आखत होता. डाव्या बरगडीखाली पोट दगडासारखं वर आलेलं, हातपाय काटकीसारखे. दिवसाआड हुडहुडी भरून ताप येत होता. मंडणगडकडे आमच्या डोंगरात याला पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली म्हणत, आणि ती जाळल्याशिवाय बसत नाही, असं सगळे धरून चालत.

मी मुलीवर पालथी पडले.

"ऊठ गो!" सासू ओरडली. "तुझ्या नवऱ्यालाही ल्हानपणी डागलाय. मेला काय तो?"

"मेला नाय, आत्याबाई. पण डाग मिरवत मुंबईत अजून दर पावसाळ्यात कुडकुडतोच ना? मग जळलं काय? नुसतं कातडं!"

"शिकलेली सून आणलीत," म्हातारा सासूला म्हणाला, "आता भोगा."

"आधी माझ्या पोटावर ठेवा सळई. मग तिच्या."

त्याने ठेवली नाही. बघता बघता सळई काळी पडली. मी मुलीला पाठीशी बांधली आणि घाटी उतरून सरकारी दवाखान्याची वाट धरली. सासू मागून ओरडत होती, "परत उंबरा ओलांडू नको!"

डॉक्टरांनी मुलीचं पोट अगदी हलक्या बोटांनी चाचपलं.

"कोणी चोळलं नाही ना? पाणथरीची वरची पिशवी पातळ असते. फुटली तर आतल्या आत रक्त वाहून मूल जाईल."

"पण आत असतं काय? गाठ?"

"गाठ नाही हो बाई. सुपारी कातरल्यावर लालसर गरात पांढरं दिसतं ना, तसं समजा. फक्त मऊ, स्पंजासारखं. लाल भागात रक्त गाळलं जातं. हिवतापाचे जंतू शिरलेले रक्तातले कण तिथे अडकतात आणि मोडले जातात. पांढऱ्या भागात जंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार होतात. काम फार पडलं, म्हणून सुजली आहे."

म्हणजे सगळ्या शरीरात जी माझ्या पोरीच्या बाजूने झुंजत होती, तिलाच आम्ही जाळायला निघालो होतो. किती पिढ्या जाळत आलो, देव जाणे.

कोयनेलचं, म्हणजे क्विनीनचं, औषध घेऊन मी घरी आले आणि सरळ आत गेले. सासू आडवी आली नाही. ते औषध कडू जहर. मुलगी ओकायची, मी नाक दाबून पुन्हा पाजायची. सासू म्हणे, "कैदाशीण आहेस." असेन. ताप थांबला, आणि दिवाळीपर्यंत पाणथरी बरगडीआड गेली.

त्या पावसाळ्यात वाडीतल्या डागलेल्या मुलांपैकी काही वाचली, काही गेली. माझी मुलगी जगली.