तो खिडकीकडे पाहतो

एका फ्रेंच लेखिकेची कादंबरी मी मराठीत आणतो आहे. ती सिनेमाच्या पटकथाही लिहायची. नवऱ्याची वाचा गेली, तेव्हाच्या दिवसांवर तिने ही कादंबरी लिहिली आणि पुढे स्वतःच तिची पटकथा केली. कादंबरीत नवरा खिडकीकडे पाहतो, तेव्हा त्याच्या मनातलं नऊ पानं चालतं. बंदरावरचं बालपण, बहिणीशी धरलेला अबोला. पटकथेत तिथे एकच ओळ आहे: ‘तो खिडकीकडे पाहतो.’ पटकथेत दिसतं तेवढंच लिहायचं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

गेल्या महिन्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं गेलं. दिवसभर ते खिडकीकडे पाहत पडून असतात.

“शेवग्यावरचे पक्षी बघतात,” आई म्हणते.

“गाव आठवत असेल त्यांना,” बहीण म्हणते.

मीही माझ्या परीने त्यांच्या मनातली पानं भरत असतो.

आज दुपारी ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर आलं. “बाबा, पडदा ओढू का?” असं विचारत मी तो ओढलाच. शेवगा दिसेनासा झाला. बाबांची नजर मात्र हलली नाही. झाड होतं तिथल्या कापडावर ती तशीच राहिली.

पटकथेत ती एक ओळ लिहून ती लेखिका का थांबली असेल, ते मला कळू नये असं फार वाटलं.

स्वयंपाकघरातून आईची पावलं ऐकू आली. ती दारात यायच्या आत मी पडदा उघडला.