सभासद क्रमांक एक

माझ्या थोरल्या बहिणीचे मोठे दीर ज्याच्यावर एकदाही ओरडले नाहीत असा माणूस अख्ख्या बीदर जिल्ह्यात नाही. असलाच तर त्याच्या घरी अजून कॉम्प्युटर पोचलेला नसणार. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णा कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी कॉम्प्युटरकडे बोट करून विचारतात, "ह्यात घातलंय काय? इकत आणलेलं का चोरून भरलेलं?" चोरून भरलेलं असतंच. मग तांब्या खाली आणि आवाज वर. पिशवीतून फुकट वाटता येणाऱ्या लिनक्सची सीडी निघते, हल्ली पेन ड्राइव्ह निघतो, आणि घरमालक हो-नाही म्हणेपर्यंत त्याचं यंत्र पुसून नवं झालेलं असतं. आमच्या काकूंच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो असेच एका दुपारी गेले. काकू डोळ्याला पदर लावून बसल्या, तर अण्णा उलट त्यांच्यावरच उखडले, "दुसरीकडं कापी कामून ठिवली न्हाई?" वर चहा अर्धाच प्यायला दिला म्हणून रुसून गेले ते वेगळंच.

हे वेड त्यांना बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागलं. तिथे यंत्रांची देखभाल करायला ते लागले तेव्हा कोपऱ्यात युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या वाडवडिलांच्या, घराण्यातलं एक जुनं कॉम्प्युटरचं धूड होतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्र म्हणून एक नाही. त्याच्यासोबत आलेली जाडजूड पुस्तकं बाकीच्यांनी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावली होती. अण्णांनी ती काढून पुसली आणि डबा खाताना एकेक पान करून वाचली. त्यांचं सगळं इंग्रजी त्या पुस्तकांतून आलेलं आहे, त्यामुळे ते रागावतातही त्याच इंग्रजीत. माझे भाचे मोबाइल मागायला गेले की पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "परमिशन डिनाइड!" जेवायला वाढायला उशीर झाला की, "कमांड नॉट फाउंड काय घरात?" ताई म्हणते, लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मला वाटायचं हे कुठल्या तरी देवाचं नाव घेतात.

माझ्या लग्नात त्यांनी टॉवेल-टोपीचा आहेर केला. रीतीप्रमाणेच केला, फक्त टोपीत एक सीडी ठेवली होती आणि तिच्याभोवती अकरा पानांची गुंडाळी. माझ्या सासरच्या लोकांना वाटलं गाण्यांची सीडी असेल. त्यांनी मांडवातल्या प्लेअरमध्ये घातली, आवाज मोठा केला आणि सगळी वऱ्हाडी मंडळी गाणं सुरू होण्याची वाट बघत बसली. ती अकरा पानं म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याचं अण्णांनी स्वतः केलेलं मराठी भाषांतर होतं. घ्या, वापरा, आत उघडून बघा, बदला, पुढे द्या. पण पुढच्यालाही हाच सगळा हक्क द्या, असा त्याचा सारांश. माझ्या सासऱ्यांनी ती पानं मानपत्र समजून जपून ठेवली. अजून त्यांच्या कपाटात आहेत.

न वाचता 'मान्य आहे' दाबणारा माणूस दिसला की अण्णांचं डोकं फिरतंच. मी चिटगुप्प्याच्या मराठी शाळेत मास्तर. किती वेळा मला त्यांनी हात धरून बसवलं असेल! "वाच. समदं वाच. न वाचता व्हय म्हणायलास? उद्या कुणीबी कागद म्होरं करंल, अंगठा लावशील?" या परवान्यांवरून त्यांचं कलबुर्गीच्या एका कॉलेजातल्या मित्राशी कायमचं भांडण आहे. मित्राचं म्हणणं, एकदा देऊन टाकलं की टाकलं, घेणाऱ्यानं पुढे काय करावं याच्या अटी कशाला? हुमनाबादच्या बसस्टँडवर हे भांडण मी ऐकलेलं आहे. मित्र कन्नडमधून, अण्णा दखनीतून, आणि दोघांच्या तीन बस निघून गेल्या. शेवटी अण्णा मराठीवर आले. "तुमी हीर खांदून देताव आन् एखादा येऊन तिच्यावर झाकण टाकून कुलूप लावतो. मग काय त्वांड बघत बसायचं?" मित्र हसला. अण्णा हसले नाहीत.

आम्ही बौद्ध. हळ्ळीखेडच्या विहारात वाचनालय निघालं तेव्हा अण्णांनी कारखान्याच्या भंगारातला कॉम्प्युटर मागून आणला आणि पुस्तकं देण्याघेण्याचा प्रोग्राम स्वतः लिहिला. मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही लिप्या त्यात चालायच्या. पण त्यात एक विचित्र गोष्ट होती. सभासदाचं नाव विचारून झालं की तो प्रोग्राम आडनाव विचारायचाच नाही, आईचं नाव विचारायचा. मी म्हटलं, "अण्णा, तीन संगीता आल्या तर?" म्हणाले, "आई तर येगळी आसतीच की." त्यामागचं कारण मला ताईनं सांगितलं. अण्णांची माय त्यांना शाळेत घालायला गेली, मास्तरांनी आडनाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि मास्तरांनी पोराला दाराजवळ वेगळ्या पोत्यावर बसवलं. कागदावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. अंगठा मात्र तिचा लागला.

तो प्रोग्राम अण्णांनी मागेल त्याला दिला, परवान्यासकट. कुणी आभार मानले तर चिडायचे, "आभार नगं, म्होरं दे." आमच्या शाळेतही तोच होता. मग एका मोठ्या शहरातल्या कंपनीची माणसं इस्त्रीचे शर्ट घालून आली. नवा प्रोग्राम, रंगीत, झकास. हेडमास्तर खूश. वाचनालय माझ्याकडे, म्हणून खुर्चीत मी. पडद्यावर लांबलचक मजकूर आला आणि खाली 'मान्य आहे'. वीस वर्षं ज्या माणसाचा या एका गोष्टीसाठी ओरडा खाल्ला, त्याची आठवणसुद्धा मला आली नाही. मी दाबलं. आमची पुस्तकांची आणि सभासदांची जुनी यादी त्यांनी आत ओढून घेतली आणि जुना प्रोग्राम पुसून टाकला.

पुढे स्नेहसंमेलनाला अण्णा आले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात त्यांना ते दाखवायला नेलं. कंपनीच्या प्रोग्राममध्ये नमुना म्हणून आधीपासूनच भरलेली पहिली नोंद उघडली. नाव अण्णांचं. आईचं नाव शेवंता. प्रोग्राम लिहिताना अण्णांनी चाचणीसाठी टाकलेली नोंद होती ती. कंपनीनं प्रोग्राम उचलला, रंग दिला, आपलं नाव घातलं, पण ही नोंद काढायची विसरली. मला वाटलं अण्णा चोरीवर ओरडतील. ते ओरडलेच, शाळेची पोरं खिडकीत गोळा होईपर्यंत ओरडले, पण भलतंच. "घेतलं ते बरं केलं! घ्यायलाच ठिवलं व्हतं! पण लायसन कुठाय? आतलं लिव्हलेलं कुठाय? कुलूप कामून घातलं?" त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. पैसे नकोत, माझं नावही काढा, फक्त कुलूप काढा.

उत्तर आलं नाही, सुधारित आवृत्ती आली. तिच्यातून नमुना नोंद गेली होती, आईच्या नावाचा रकानाच गेला होता, आणि त्याच्या जागी आडनाव आणि खाली जातीचा प्रवर्ग. भरल्याशिवाय पुस्तक निघणार नाही. सातवीतली एक मुलगी दर शनिवारी खणखणीत आवाजात सांगायची, आई सुनंदा! त्या शनिवारी मी तिला आडनाव विचारलं. तिनं मागच्या रांगेकडे पाहिलं, माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, आणि पुढच्या शनिवारी ती आलीच नाही. मी, मी स्वतः, तिला ते विचारलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कंपनीला फोन लावला तर पलीकडचा माणूस लोण्यासारखा गोड, "सर, बदल करता येणार नाही. यादीही परत देता येत नाही. आपण अटी मान्य केल्या आहेत." आयुष्यात मी कुणाला दिल्या नव्हत्या त्या शिव्या त्याला दिल्या. त्यानं फोनवर आभार मानले.

मी अण्णांना सगळं कळवलं. ते दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आले. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी माय अडाणी व्हती. तू शिकून अंगठा लावलास, मास्तर." एवढं बोलून खिशातून पेन ड्राइव्ह काढला. मी हेडमास्तरांशी भांडलो, अण्णा माझ्याशी भांडले, आणि कंपनीचा प्रोग्राम पुसला गेला. आता सगळी पुस्तकं आणि सगळे सभासद पुन्हा हातानं भरायचे. आम्ही दोघं रविवारी सकाळी बसू लागलो. वेलांटी चुकली की ओरडा, काना राहिला की ओरडा. पुस्तकं भरून झाली तेव्हा सभासदांचं पान उघडलं आणि मी सवयीनं पहिल्या नोंदीत अण्णांचं नाव घालायला घेतलं.

"माझं नगं," अण्णा म्हणाले. "मायचं घाल. पयली सभासद ती."

मी शेवंता लिहिलं आणि पुढे सरकलो. पडद्यावर आलं, आईचं नाव. मी वळून पाहिलं. अण्णांनी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडले नाहीत. म्हणाले, "तिची माय ल्हानपणीच गेली. मावशीनं वाढवलं. आमी कवा इचारलंच न्हाई." मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "अण्णा, प्रोग्राम तुमचाच आहे, उघडाच आहे. हा रकाना रिकामा चालेल असं करा की." तेव्हा कुठे त्यांचा आवाज परत आला, "रिकामा? रिकामा कामून? तिला बी नाव आसंलच की!"

आता अण्णा कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. रविवारी बस पकडून औरादकडे, मायच्या माहेरच्या गावी आणि आसपास जातात. मी एकदा सोबत गेलो होतो. बीदर जिल्ह्याला धाकात ठेवणारा हा माणूस एका म्हातारीसमोर जमिनीवर बसला होता आणि इतक्या हळू आवाजात विचारत होता की तिला तीनदा "काय म्हणलास, बाबा?" करावं लागलं. एका म्हातारीनं एक नाव सांगितलं, तर दुसरीनं वेगळंच. अण्णांनी दोन्ही मला घालू दिली नाहीत. खात्री नाही तर लिहायचं नाही. त्या म्हाताऱ्याही आता एकेक करून जायला लागल्या आहेत.

आमच्या शाळेत सभासदांचे क्रमांक दोनपासून सुरू होतात. दोन नंबर सातवीतल्या त्या मुलीचा आहे, मी तिच्या घरी जाऊन तिला परत आणली. नवीन पोरं विचारतात, सर, एक नंबर कुणाचा? मी सांगतो, आहे एकीचा, ठेवलाय.