न मुरगळलेला पाय

मैत्रिणींनो, आज बनारसहून मिर्झापूरकडच्या धबधब्याला ट्रेकला गेले होते. घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने कशीबशी परवानगी दिलेली.

अर्ध्या चढावर पाळी आली, वेळेआधीच. बॅगेत चिवडा, टोपी, पॉवर बँक सगळं होतं, पॅड तेवढं नव्हतं. त्यात पँट फिकट रंगाची. मी दगडावर बसले ती उठेचना.

“क्या हुआ, दीदी?” आमच्या ग्रुपच्या लीडर भैयांनी विचारलं.

“पैर मुड़ गया,” मी ठोकून दिलं. झालं! दोन मुलं मला उचलायलाच आली.

शेवटी म्हटलं, “भैया, पैर ठीक है. पीरियड आ गया है.”

ते गडबडले, पण सगळ्यांना घेऊन पुढे गेले. मैत्रीण पूजा तेवढी माझ्याजवळ थांबली. तिने ओढणीचा आडोसा धरला, पॅड दिलं, कमरेला तिचं जॅकेट बांधलं.

म्हणून सांगते, तारीख लांब असली तरी पॅड ठेवा. वापरलेलं परत आणायला कागद आणि झिपची पिशवीही ठेवा. पँट गडद घाला. आडोसा मिळणार नाही म्हणून पाणी पिणं टाळू नका.

संध्याकाळी घरी आले, तर आई म्हणाली, “अशी काय चालतेस गं?” खरं सांगितलं तर पुढचे ट्रेक बंद होतील, या भीतीने पुन्हा पायावरच ढकललं.

आत्ता ती माझ्या धडधाकट पायाला कोमट तेल चोळतेय. म्हणतेय, “पुढच्या वेळी जाशील तेव्हा चांगले बूट घेऊन जा.”

पुढच्या वेळी! सांगू का तिला खरं? तुम्ही सांगितलं असतंत?