तेलातला गुलाब

फोनवर पत्नीशी चाललेले माझे मराठी ऐकून एमआरटी मेट्रोत शेजारी बसलेली तरुणी हसली; तीही मराठीच निघाली. विद्यापीठात ती प्राचीन रोमन सुगंध पुन्हा तयार करत असल्याचे तिने सांगितले. तिने एका कुपीतला थेंब हाताच्या पाठीवर घेतला.

“तळव्यावर का नाही?” मी कुतूहलाने विचारले.

“तळव्याच्या उबेने वास बिघडतो, काका. रोमन लोकही असाच पारखायचे.”

थेंब हुंगून झाला, की नाक ताजे करायला ती स्वतःची बाही हुंगे आणि मगच पुन्हा थेंबाकडे वळे. कच्च्या ऑलिव्हच्या तेलात मुरवलेला तो गुलाब होता. त्यात अल्कोहोल नव्हते, त्यामुळे वास अंगालगतच राहणारा. मलाही तो हुंगायचा होता. तिने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

“तुम्हाला नाही कळणार, काका. तुमचा स्प्रे फार आहे, आणि त्याच्याखाली सिगारेट.”

तिच्या स्वरात ठपका नव्हता, केवळ नोंद होती. सिगारेट सोडल्याचे मी पत्नीला दोन वर्षांपूर्वी सांगितले होते.

चोआ चू कांग स्थानकावर उतरून घरी गेलो आणि दारातच पत्नीला खरे सांगितले. तिने जवळ येऊन माझी बाही हुंगली. तो वास आता कशानेही झाकावा, असे मला वाटले नाही.