पाटीवरची दोन टिंबं

माझ्याकडे जपानी भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आहे. ते मी फ्रेम करून जपानमधल्या सेंदाई शहरातल्या घरात भिंतीवर लावलं होतं. भूकंपात कपाट पडलं, टीव्ही पडला, बायकोचं लोणचं पडलं. प्रमाणपत्र मात्र जागचं हललं नाही. हा काहीतरी संकेत आहे असं मी पुढची तीन वर्षं मानत होतो.

तीन वर्षांनी सासरे आले. नानांनी पुण्याच्या आसपासचे सगळे किल्ले चढलेले (काही दोनदा, कारण पहिल्या वेळी फोटो नीट आला नव्हता). विमानातून उतरले तेच छातीवर गिर्यारोहण मंडळाचा बिल्ला लावून. इथल्या डोंगरधारेवरून त्यांना तीन दिवस चालायचं होतं, आणि परतल्यावर मंडळात त्यावर स्लाइड-शो ठरला होता. हारासकट.

"नाना, मे महिना आहे. वर अजून बर्फ असतो," मी म्हणालो.

"मे महिन्यात आंबे असतात, जावईबापू."

शेवटी तडजोड झाली. पहिल्या झोपडीपर्यंत जायचं, पुढची वाट कशी आहे ते पाहायचं, मग तीन दिवसांचं ठरवायचं. आदल्या दिवशी बायकोने, अनघाने, मला स्वयंपाकघरात गाठलं.

"नानांना धड परत आणायचं. तुझी जबाबदारी. अडुसष्ट वर्षांचे आहेत, काही मोडलं तर आईला मी काय सांगू?"

"मी आहे ना."

"म्हणून तर सांगतेय. आणि दुकानातल्या आजी म्हणाल्या, झुबोपासून जपा."

अनघा एका जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम करत होती. तिचं सगळं जपानी काउंटरवरचं. प्रमाणपत्र वगैरे काही नाही.

"झुबो म्हणजे?"

"काय माहीत. त्यांनी भाताच्या ढिगात चमचा खुपसून दाखवला."

"असा शब्द शब्दकोशात नाही," मी म्हणालो. (मी पाहिला नव्हता.)

सकाळी निघालो. भूकंपापासून दाराशी लटकणारी आपत्कालीन पिशवी अनघाने पाठीवर घेतली. शिट्टी, कोरडे मोजे, चकचकीत कागदाचं पांघरूण. "डोंगरात भूकंपाची पिशवी कशाला?" असं मी हसून विचारलं. हेही इथे नोंदवून ठेवतो.

बर्फ होताच. पण सकाळचा, टणक. बुटांखाली भाड्याचे लोखंडी काटे बांधून आम्ही करकर आवाज करत चढलो. नाना दर शंभर पावलांवर काठी रोवून फोटो काढून घेत होते. दुपारी पहिली झोपडी आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. झोपडीसमोर लाकडी फळ्यांची वाट थोडी उघडी दिसत होती. पुढे ती पुन्हा बर्फाखाली गेलेली. तिथेच एक पाटी होती: फुमिनुकी चूई.

"काय लिहिलंय?" नानांनी विचारलं.

असा प्रश्न मला फार वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी घसा साफ केला.

"चूई म्हणजे लक्ष द्या. फुमि म्हणजे पाऊल टाकणं. आणि नुकी..." इथे मी थांबलो. पायातलं काढणं याला जपानीत नुगी म्हणतात. 'की'वर दोन टिंबं दिली की 'गी' होतो. पाटी उन्हापावसाने विटलेली. टिंबं उडाली असणार. "पायातलं काढून पाऊल टाका. फळ्या खराब होऊ नयेत म्हणून काटे काढायला सांगतायत."

"वा," नाना म्हणाले. "काय शिस्त आहे."

"फळ्या तर बर्फाखाली आहेत," अनघा म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

आम्ही काटे काढले. मी वाट दाखवायला पुढे झालो. वीस पावलं ठीक गेली. एकविसाव्याला पायाखालून आवाज आला, आणि तो आवाज अगदी स्वच्छ 'झुबो' असा होता.

मी कमरेपर्यंत आत होतो. उजवा पाय कशाततरी अडकलेला, डावा नुसता लोंबकळत होता. त्याखाली, फार खाली नाही, पाणी वाहताना ऐकू येत होतं. वरचा बर्फ म्हणजे ओढ्यावरची पातळ साय.

"आलो," नाना म्हणाले आणि निघाले.

"नाना, येऊ नका! जागचे हलू नका!"

अनघाने त्यांची पिशवी मागून घट्ट पकडली. पण नानांनी ऐकलं ते भलत्याच पद्धतीने. ते पोटावर आडवे झाले, बिल्ला बर्फात रुतवला, आणि सरपटत येऊन काठी माझ्यापुढे केली. "धरा. आणि आता भाषांतर करू नका."

अनघा शिट्टी वाजवत होती. झोपडीतून एक गृहस्थ दोर घेऊन आले, त्यांनी लांबूनच मला कमरेत वाकून नमस्कार केला. मीही वाकायचा प्रयत्न केला. कंबर बर्फात होती.

"फुमिनुकी," ते हळहळून म्हणाले. म्हणजे पाऊल आरपार जाणं. त्याचीच पाटी. 'की'ला टिंबं नव्हतीच, कधीही नव्हती. "पण काटे का काढलेत?"

"पाटी वाचून काढले," मी सांगितलं.

त्यांनी एकदा पाटीकडे वळून पाहिलं. मग दोर बांधता बांधता म्हणाले, "आपलं जपानी फारच छान आहे."

दोघांनी ओढून मला बाहेर काढलं. अडकलेल्या पायातला बूट आतच राहिला. खाली पाण्यात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. अनघाने पिशवीतले कोरडे मोजे माझ्यापुढे धरले.

तीन दिवसांचा बेत नानांनी स्वतःच रद्द केला. ते धड परत गेले. स्लाइड-शो झाला, हारही मिळाला. पहिल्याच चित्रात बर्फातून वर आलेला माझा अर्धा भाग होता, असं कळलं.

प्रमाणपत्र मी भिंतीवरून उतरवलं. तरी माझं भाषांतर अगदीच चुकलं असं मला अजून वाटत नाही. पाटीपासून एकविसाव्या पावलावर माझ्या पायातलं निघालंच.