रंभाजीची शेरडे आणि सरकारी निलगिरी

सन १९७१, मृग नक्षत्र: मिरजगावाकडच्या एका सरकारी रोपवाटिकेतील देशी झाडांची रोपे कमी उंचीची म्हणून बाद ठरविण्यात आली. जबाबदार: रोपवाटिकेचे अधिकारी. सन १९७२, दिवाळीनंतर: त्या देशी रोपांच्या जागी रस्त्याकडेला लावलेली निलगिरी वाळल्याचा ठपका राखणदारावर ठेवण्यात आला. जबाबदार: चौकशी अहवालावर सही करणारे तेच अधिकारी. सन १९७३, होळीच्या सुमारास: राखणदारास कामावरून काढण्यात आले. जबाबदार: हुकूम काढणारे त्यांचे वरिष्ठ, आणि राखणदाराचा लेखी खुलासा तयार करून देणारा मी.

राखणदाराचे नाव रंभाजी. रोपवाटिकेत तो माळीकामही करी. मी नगरच्या कोर्टात नाझर होतो, तेव्हा कोर्टाच्या आवारात लावण्यासाठी गुलमोहराची रोपे मागायला त्याच्याकडे गेलो होतो. त्याने खुरपे खाली ठेवले, मला पाणी दिले आणि विचारले, "तितं झाडाखाली कोन बसतं?"

"पक्षकार. तारीख पुकारेपर्यंत."

"किती येळ?"

"कधी कधी दिवसभर."

"मंग गुलमोहर न्हाई मिळायचा. ऐन चैतात त्यो उघडा पडतो. त्याच टायमाला लिंबाला नवी पालवी येती. लिंब न्या, नाजरसाहेब. तारखेला आलेली बाई फुलं बघत उनात बसंल व्हय?"

सरकारी नोकराने अर्जदारास मागितलेली वस्तू नाकारणे नियमात बसत नाही, असे मी त्यास सुनावले. "न्हाई बसत," तो शांतपणे म्हणाला आणि कडुलिंबाची रोपे ओल्या गोणपाटात बांधू लागला. ती मी घेऊन आलो.

हीच त्याची रीत होती. रोप मागणाऱ्यास तो आधी जागा विचारी, मग माती, मग त्या जागी कोण येते-जाते ते. बांधाला बाभूळ, ओढ्याला करंज, वाटेला लिंब, उघड्या माळाला हिवर. बाभळीचे बी तो झाडावरून घेत नसे. संध्याकाळी शेंगा स्वतःच्या शेरडांना चारी आणि शेरडांनी रवंथ करताना टाकलेले बी सकाळी त्यांच्या गोठ्यातून वेचून आणी. असे बी लवकर उगवते, असा त्याचा अनुभव होता. मी नाक मुरडले तेव्हा म्हणाला, "तुमचं कोरट बी कागुद चघळून चघळूनच निकाल देतं की."

७१ साली वरून आदेश आला की, हातभर उंचीचे रोप असेल तेच लावावे. अधिकारी काठी घेऊन वाफ्यावाफ्यातून फिरले. निलगिरी काठीच्या वर गेली होती. लिंब, हिवर, बाभूळ काठीच्या निम्म्यातही नव्हती. मी निवृत्त होऊन गावी राहायला आलो होतो आणि त्या दिवशी तेथे हजर होतो. रंभाजीने हिवराचे एक रोप मुळासकट अलगद काढले आणि आडवे धरले. मूळ काठीहून लांब भरले.

"सायेब, काठी खालच्या अंगाला लावा. ही झाडं आधी पानी हुडकत्यात, मंग वर येत्यात."

"जमिनीखालचं मला तक्त्यात भरता येत नाही," साहेब म्हणाले.

"मंग तक्त्यात पानी तरी घाला. निळगिरीला लागंल."

हाताखालचे कारकून हसले. साहेब हसले नाहीत. बाद रोपे खताच्या खड्ड्यात टाकण्याचा हुकूम झाला. रंभाजीने ती डोक्यावरून वाहून नेली आणि खड्ड्याऐवजी गावच्या ओढ्याकाठी लावली. निलगिरी हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि तिच्या राखणीचे काम रंभाजीकडे आले.

पुढच्या वर्षी दुष्काळाने काय केले, ते या जिल्ह्यात कोणास सांगावे लागू नये. माणसांना पाणी नव्हते, तेथे निलगिरीला कोठून असणार? ती रांगेने वाळली. वरिष्ठ पाहणीस येणार असे कळताच चौकशी झाली आणि अहवालात लिहिले गेले की, राखणदाराने हलगर्जीपणा करून स्वतःच्या शेळ्या मोकळ्या सोडल्या, आणि त्यांनी रोपे खाल्ली.

नोटीस घेऊन रंभाजी माझ्याकडे आला. एरवी बोलका माणूस, पण त्या दिवशी ओट्याच्या कडेला बसून टोपी चाळवत राहिला. "नाजरसाहेब, लई लिवू नका. एवढंच लिवा, शेरडू निळगिरीला तोंड लावीत न्हाई. वासानंच मागं सरतं. कुनालाबी इचारा म्हनावं. माझं काम गेलं तरी चालंल, पर शेरडं चारली हे कागदावर ऱ्हायला नको. मी राखनदार हाय."

मी ते लिहिले नाही. हे वाक्य मी जाणीवपूर्वक लिहीत आहे. शेळी काय खाते हा मुद्दा मला वरिष्ठांपुढे मांडण्याइतका प्रतिष्ठित वाटला नाही. नोटीस सक्षम अधिकाऱ्याच्या सहीची नाही, साक्षीदारांची उलटतपासणी झालेली नाही, मुदत अपुरी आहे, अशा हरकतींनी मी पाने भरली. ओढ्याकाठची बाद रोपे त्या दुष्काळातही तग धरून होती, तेही मी गाळले. बाद माल परवानगीविना उचलला म्हणून दुसरा आरोप झाला असता. कायद्याच्या दृष्टीने तो खुलासा निर्दोष होता.

हुकुमात एवढेच आले: "शेळ्यांनी रोपे खाल्ल्याचे राखणदाराने खुलाशात कोठेही नाकारलेले नाही. सबब आरोप मान्य समजण्यात येतो."

तो हुकूम मी त्यास वाचून दाखवला. त्याने कागद घडी करून टोपीत खोचला. मग माझीच समजूत घालावी तसा म्हणाला, "तुमचं लिवनं लई चांगलं हुतं. मला त्यातलं काईच कळलं न्हाई. तवा वाटलं, मोठ्या सायबाला नक्की कळंल."

चावडीवर लोक त्याला छेडू लागले. "रंभाजी, तुझ्या शेरडांनी निळगिरी खाल्ली, आता त्यास्नी जन्मात सर्दी व्हायची न्हाई." पहिल्यांदा तोही हसला. मग त्याने शेरडे विकली. चारा नाही, असे कारण सांगितले. त्यानंतर कोपरगावाकडे मुलीच्या घरी गेला. जावई साखर कारखान्यात कामाला होता. तेथेही तो कारखान्याच्या चाळीपुढे काय लावावे ते शेजाऱ्यांना सांगत असे, पण आता जागा विचारायच्या आधी म्हणे, "मला सरकारनं काढलंय बरं का. पटलं तर ऐका."

दरम्यान मी चार अर्ज केले. सुटलेला मुद्दा पुढे मांडला, चूक माझी असल्याचे लिहून दिले, केवळ शेळ्या चारल्याचा तो शेरा काढून टाकावा एवढीच मागणी केली. "प्रकरण निकाली निघाले आहे" याखेरीज उत्तर नाही. गेल्या पौषात रंभाजी वारला. मुलगी सांगत होती, शेवटच्या आजारात टपालवाला दिसला की तो उठून बसायचा. "नाजरसाहेबाचा कागुद आला का बघ," म्हणायचा.

माझा दोष मी वर कबूल केला आहे. आता अहवालावर ज्यांची सही आहे त्यांनी आपला जबाब द्यावा, आणि तो टपालाने नको. मिरजगावच्या बाजारात, शेरडे विकायला आलेल्या बायकांसमोर उभे राहून त्यांनी आपला अहवाल पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत मोठ्याने वाचावा. त्यांच्यातली एक जरी "व्हय, खात्यात" म्हणाली, तर मी माझे चारही अर्ज मागे घेईन. कोणीच म्हणाली नाही, तर रंभाजीच्या नावापुढचा शेरा त्याच ठिकाणी, त्यांनी स्वतःच्या हाताने खोडावा. दिवस त्यांनी ठरवावा. मी हजर राहीन.