मांडीवरचा काळोख

सौदीतल्या धाहरानमध्ये एका ठेकेदार कंपनीच्या स्टोअरमध्ये उमाकांत खैरनारांनी अठ्ठावीस वर्षं काढली. व्हॉल्व्ह, गॅस्केट, नटबोल्ट, कोणती वस्तू कोणत्या फळीवर आहे हे ते डोळे मिटून सांगत. आता मार्चअखेर त्यांची फायनल एक्झिट होती, म्हणजे इकामा, तिथला राहण्याचा परवाना, परत करून कायमचं नाशिकला. लोक अभिनंदन करत आणि ते हसून मान हलवत. मनातली धास्ती मात्र त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. घरी एकटी मुलगी होती, क्षमा, आणि तिच्याशी बोलायचं काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

बायको होती तोवर हा प्रश्न कधी पडला नाही. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी ते फोन लावत. नंदा अर्धा तास घरदार, शेजारपाजार सगळं सांगायची आणि शेवटी मिनिटभर क्षमाच्या हातात फोन द्यायची. अभ्यास चाललाय ना, हो, बरं. एवढ्यावर बापलेकीचं बोलणं आटपायचं. दोन वर्षांपूर्वी नंदा गेली. शुक्रवारचा फोन चालू राहिला, पण मधलं माणूस उरलं नव्हतं. जेवण झालं का, तिकडे थंडी किती, इतकं झालं की तिसऱ्या मिनिटाला दोघंही गप्प होत आणि कोणीतरी "ठेवू का?" म्हणे.

क्षमा कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायची. सोळाव्या-सतराव्या शतकातली युरोपातली चित्रं हा तिचा खास विषय. उमाकांतांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कंपनीचा कामगार कॅम्प सोडून जाणारी माणसं नको असलेल्या वस्तू लाँड्रीबाहेरच्या टेबलावर ठेवून जात, आणि उन्हाळ्यात तिथे त्यांना नेमकं त्याच विषयाचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. जुनं होतं. काही पानांवरची उघडी अंगं कोणीतरी काळ्या मार्करने झाकली होती. तिकडच्या जुन्या पुस्तकांत ते असायचंच, त्यांना त्याचं नवल वाटलं नाही.

त्यांनी अभ्यास सुरू केला तो स्टोअरच्या रीतीने. प्रत्येक चित्रातला माल आधी मोजायचा, वहीत उतरवायचा, मग खालचा मजकूर डिक्शनरी घेऊन वाचायचा. अर्धं सोललेलं लिंबू एक, कलंडलेला पेला एक, घड्याळ एक, कवटी एक. मग कळे की हे नुसतं ताट नाही, सगळं सरून जाणार आहे असं चित्रकार सांगतोय. हळूहळू काळही ओळखू येऊ लागले. आधीच्या चित्रकारांनी ट्यूबलाइटसारखा सगळीकडे सारखा उजेड पाडला होता. पुढच्यांनी खोलीत एकच कंदील ठेवला आणि बाकीचं अंधारात जाऊ दिलं. शेजारच्या खोलीतला मुझम्मिल, रत्नागिरीकडचा क्रेन ऑपरेटर, दारातून डोकावून विचारायचा, "उमाभाय, परीक्षा कधी? कॉपी पुरवायला येऊ काय?"

दोनशे बाराव्या पानावर त्यांचा पाय अडकला. डच घरातली संध्याकाळ. चुलीशी बाई बसलेली, तिच्या चेहऱ्यावर जाळाचा उजेड, नजर खाली मांडीकडे, आणि मांडीवर निव्वळ काळोख. टोपी घातलेला नवरा दारात, निघण्याच्या बेतात. वहीत नोंद झाली: बाई १, पुरुष १, कुत्रा १, पाळणा १ (रिकामा), बाईच्या हाताशी मणी ५. त्या रिकाम्या पाळण्याने त्यांना कोडं उलगडलं. मूल गेलेलं होतं, आणि चित्रकाराने आईच्या मांडीवर अंधार ठेवला होता. हे क्षमाला सांगायचं त्यांनी ठरवलं. आठवडाभर मनात वाक्यं जुळवली.

शुक्रवारी जेवणाची चौकशी झाल्यावर त्यांनी वही उघडली आणि एका दमात सगळं सांगितलं. 

"बाबा," क्षमा म्हणाली, "हे चित्र मी दर वर्षी वर्गात दाखवते. तिच्या मांडीवर बाळ आहे. ती त्याला पाजतेय, म्हणून तर पाळणा रिकामा."

"नाही गं. मी दहा वेळा पाहिलंय."

"पान खिडकीशी नेऊन तिरपं धरा बरं."

त्यांनी धरलं. मांडीवरच्या काळ्याला तेवढी जांभळट चमक आली आणि मार्करचे आडवे फराटे दिसू लागले. इतर पानांवर मार्कर ठळक दिसे. इथे मुळातच इतका अंधार होता की तो त्यात मिसळून गेला होता. फराट्याच्या कडेला झाकायचे राहून गेलेले ते पाच मणी होते. बाळाच्या पायाची बोटं.

हे त्यांनी तसंच सांगितलं तेव्हा क्षमा हसली, बराच वेळ हसली. ते ओशाळले. "ठेवू का?" म्हणणार, तेवढ्यात तिने विचारलं, "मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा मी केवढी होते?"

"अकरा महिन्यांची." त्यांनी वही मिटली. "तू आईच्या खांद्यात तोंड खुपसलंस. महिन्याची रजा होती. सव्विसाव्या दिवशी तू माझ्याकडे आलीस."

"मग?"

"मग चार दिवस उतरलीच नाहीस."

नंदाने हे कधी सांगितलं नव्हतं, असं क्षमा म्हणाली. मग म्हणाली, मूळ चित्र मोबाइलवर पाठवते, बाळ नीट दिसेल. उमाकांतांनी नको म्हटलं. मार्चमध्ये समोर बसून दाखव, म्हणाले.

"चालेल. पण वही घेऊन या. आणि मणी खोडू नका."

फोन बंद झाला. बाजाराला जाणाऱ्या बसची वेळ झाली म्हणून मुझम्मिलने दार वाजवलं. त्याला त्यांनी पुढे व्हायला सांगितलं. बस गेल्यावर कॅम्पात एसीच्या घरघरीखेरीज आवाज उरला नाही. मार्चअखेरपर्यंत अजून सतरा शुक्रवार होते. खिडकीतलं ऊन पानावरून सरकून गेलं तशी ती जांभळी चमक गेली आणि आईच्या मांडीवर पुन्हा काळोख झाला. त्यांनी वही ओढली. पाच मण्यांची ओळ तशीच ठेवून खाली लिहिलं: बाळ १. पुढे कंसात, थोडं थांबून: झाकलेलं.